भिंतीवरची पॅसेंजर

खांदा आखडला तेव्हा
एका लग्नाचे चौदा ब्लाउज बेतून पडले होते.
मागच्या हुकाचे, सगळे.
आणि माझाच हात
माझ्या पाठीपर्यंत जाईना.

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात
गजाला मॅडम म्हणाली,
भिंतीला बोटं टेकवा,
मुंगीसारखी वर चालवा.
वीसदा. दिवसातून तीनदा.
गोळी?
नाही.
मग सुई तरी?
तिनं स्वतःचीच दोन बोटं
टेबलावर चालवून दाखवली.

पहिल्या दिवशी गंमत वाटली.
चौथ्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून उभी,
पाढे न आलेल्या पोरीसारखी,
आणि भिंत आपली भिंत.
एक पोपडा, एक खिळा,
कॅलेंडर उतरवल्याचा पांढरा चौकोन.
सात म्हणून झालं की नऊ म्हणायची,
नवावरून थेट चौदा.
गिऱ्हाइकाचं पाव इंच कापड कधी मारलं नाही मी,
पण रोज स्वतःच्याच खांद्याच्या
सहा-सात खेपा मारायची.

शेजारचा संघर्ष आला शाळेची पँट उसवायला.
तिसरीत आहे, उंची थांबत नाही.
मावशी, भिंतीला काय विचारायली?
हात वर न्यायलेय रे.
कुठपर्यंत?
ह्याचं उत्तर गजाला मॅडमनंसुद्धा दिलं नव्हतं.

त्यानं माझा निळा खडू घेतला,
स्टुलावर चढला
आणि कमरेच्या उंचीवर लिहिलं: जालना.
मग चार-चार बोटांवर
रांजणी, परतूर, सातोना, सेलू,
मानवत रोड, परभणी, पूर्णा,
आणि खिळ्याच्या वर,
त्याचाही हात पुरेना तिथं,
तिरपं तिरपं, नांदेड.
नांदेडला माझी बहीण असते, रत्नमाला.
हे त्याला माहीत नव्हतं.
त्याला फक्त स्टेशनं पाठ होती.

तेव्हापासून माझी बोटं पॅसेंजर झाली.
दुपारी शाळा सुटली की तो शिट्टी मारायचा.
रांजणीला मी मनातल्या मनात चहा घ्यायची,
परतूरला हमखास कळ यायची.
सेलूत उतरून एखादी जुनी मैत्रीण गाठायची,
तिच्याशी भांडायची, परत गाडीत.
विसाव्या खेपेला कळायचं,
अरे, वीस झाल्या.

मग सेलूवर गाडी अडकली.
एक दिवस नाही, अकरा दिवस.
खडूच्या रेघेपुढं बोट हलेना.
मी म्हटलं, पुस ते सगळं.
संघर्ष गंभीर तोंड करून म्हणाला,
सिग्नल नाही भेटला मावशी.
गाडी रद्द थोडीच झाली?

बाराव्या दिवशी तो स्वतःच आला नाही,
कांजिण्या.
तीन वाजले, साडेतीन झाले.
मशीनवर बसले, उठले.
दार लावून घेतलं,
कुणी ऐकेल म्हणून,
आणि ओठ गोल करून शिट्टी मारली.
फुसकी. नुसती हवा.
पण बोटं निघाली.

मानवत रोड आला त्याला
आणखी नऊ दिवस लागले.
मी दोन भिंतींपलीकडं ओरडले, मानवत रोड!
तिकडून खाजवता खाजवता आवाज आला,
किती मिनिटं लेट?

आता पूर्णेला आहे.
पूर्णेला गाडी बराच वेळ थांबते, सगळ्यांना ठाऊक आहे.
लग्न होऊन गेलं, चौदा ब्लाउज दुसरीनं शिवले,
दोघींचे बाह्यांत घट्ट झाले म्हणे.
काल अंघोळीनंतर
सवयीनं मुलीला हाक मारली, हूक लावायला,
आणि ती यायच्या आत
पाठीवर बोटांना बोटं लागली.

रंगारी विचारत होता,
भिंतीवरचं हे पुसायचं का?
म्हटलं, खालून परभणीपर्यंत रंगव.
वरचं राहू दे.